चार तासांची झोप

मास्तरांचं बोट सिंकच्या जाळीत अडकलं, तेव्हा त्यांच्या बायकोला झोपून जेमतेम वीस मिनिटं झाली होती. बायको ऑपरेशन थिएटरमधली नर्स. सलग सात दिवस ड्यूटी करून ती घरी आली होती आणि मास्तरांनी शब्द दिला होता, "चार तास घरात पानसुद्धा हलणार नाही." असा शब्द त्यांनी याआधी तीनदा दिला होता आणि तीनदा मोडला होता. या खेपेला तिला उठल्यावर सिंक चकचकीत दिसावं म्हणून ते घासायला गेले आणि हात दाखवून अवलक्षण करून बसले.

"आई गं!" ते ओरडले आणि उरलेला आवाज गिळला.

त्यांची आई धावत आली. मागोमाग त्यांची दहा वर्षांची मुलगी चिमी. तिघंही टीव्हीवरच्या इस्पितळाच्या मालिकेचे भक्त. त्यातले मोठे डॉक्टर दर भागात बजावत, की एकट्यानं काही होत नसतं आणि दुसऱ्याचं दुखणं आपलं समजावं.

"सुनेला उठवू का रे?"

"खबरदार!" मास्तर कुजबुजले. "तिच्या जागी स्वतःला ठेवून बघ."

"तेही खरंच. चिमे, टीम बोलाव."

"आजी, टीम म्हणजे आपणच ना?"

"मग उभी राहा इथे. साबण!"

"साबण."

"तेल!"

"तेल."

"टाचणी!"

"टाचणी कशाला?" मास्तरांना दरदरून घाम फुटला.

"पेशंटचा घाम पूस," आईनं चिमीला हुकूम सोडला.

ओढाओढीत बोट टम्म सुजलं. मग चिमीनं शेजारच्या काकांना आणलं. काकांची हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली. एरवी जिन्यातल्या दिव्यावरून त्यांचं आणि आईचं हाडवैर, पण आज ते चपला काढून, पाना घेऊन चवड्यांवर चालत आले.

"जाळी खालून सोडवतो," म्हणत ते सिंकखाली शिरले आणि त्यांनी नेमका नळाच्या पाइपाचा नट फिरवला. पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या तोंडावर! भला माणूस, किंचाळलासुद्धा कुजबुजत.

"मुख्य कॉक कुठाय?"

"बेडरूमच्या बाथरूममध्ये."

सगळ्यांनी बंद दाराकडे पाहिलं.

"मी हळूच जाऊ?" चिमीनं विचारलं.

"नको. तो कॉक करकरतो," मास्तर म्हणाले.

झालं! काकांनी पाइपावर अंगठा दाबला, आई पातेली लावू लागली, चिमी ती गॅलरीत ओतून येऊ लागली. कुणी कुणावर खेकसलं नाही. सिंकवर ओणवे झालेल्या मास्तरांना अगदी भरून आलं. जगातल्या झाडून साऱ्या नद्यांचा उतार त्यांना पाठ होता. आपल्या स्वयंपाकघराचा उतार बेडरूमकडे आहे, हे मात्र त्यांना आज कळलं.

बेडरूममधून करकर असा आवाज आला आणि पाणी थांबलं. दार उघडून बायको बाहेर आली. हातात निथळती चप्पल. तिनं फ्रीजमधून बर्फ काढला, बोटाला लावला, थोडं तेल सोडलं, हलकेच पीळ दिला. बोट सुटलं.

"चौथ्यांदा शब्द मोडला गं मी," मास्तरांचा चेहरा पडला.

"अहो, तुमच्या 'आई गं'लाच जाग आली होती मला."

"मग आली का नाहीस?"

"तुम्ही सगळे माझी झोप इतकी जपत होतात! म्हटलं, आता उठले तर तुमचा विरस होईल. डोळे गच्च मिटून पडून राहिले. पलंगाखाली पाणी आलं, तेव्हा नाइलाज झाला."

आधी चिमीला हसू फुटलं आणि पाठोपाठ सगळ्यांनाच.

"जा, झोप आता," आई म्हणाली. "आम्ही हूं की चूं करणार नाही."

"नको हो आई! चांगला आवाज करा. तुम्ही कुजबुजलात की कान तिकडेच लागतात. टाचणी मागितलीत, तेव्हा तर मी पांघरूण डोक्यावरून ओढलं."

मग फरशी पुसता पुसता आई आणि काकांनी जिन्यातल्या दिव्याचा विषय काढला. आवाज चढले, भांडी आपटली आणि पाच मिनिटांत बेडरूममधून घोरणं ऐकू आलं. ते ऐकून काका एकदम गप्प झाले.

मास्तरांनी सवयीनं ओठांवर न्यायला बोट उचललं. त्या सुजलेल्या बोटाकडे बघून ते थबकले आणि खच्चून ओरडले, "काका, थांबलात काय? भांडा की!"