बुडबुडे बसू दे आधी

मेश्राम सरांच्या घरी सोड्याची बाटली उघडली, की गिलास पाहुण्यासमोर येतो, पण त्याला हात लावायची परवानगी मिळत नाही. "थांब गा. बुडबुडे बसू दे आधी." बुडबुडे बसेपर्यंत सोड्याचं कोमट, गुळमट पाणी होतं. मग सर समाधानानं म्हणतात, "हं, घे आता."

आम्ही नंदनवन कॉलनीत शेजारी आणि कॉलेजातही शेजारीच. मी रसायनशास्त्र शिकवतो, सर भौतिकशास्त्र. त्यांचं संशोधन द्रवांवर आहे. कानाला ऐकू न येणारा, फार उंच पट्टीचा आवाज द्रवातून पाठवायचा. हळू पाठवला तर तो जसाच्या तसा पलीकडे पोचतो. जोरात पाठवला तर वाटेत त्याचा आकार बिघडतो आणि आपण न पाठवलेले सूरही पलीकडे निघतात. कोणता द्रव किती बिघडवतो, ते सर मोजतात. एरंडेल झालं, संत्र्याचा रस झाला, एकदा तर पोह्यांवर ओततात ती तिखट, तेलकट तर्री गाळून नेली होती.

या कामात बुडबुडा म्हणजे वैरी. इवलासा राहिला तरी सगळं मोजमाप खोटं. म्हणून सर आधी पंपानं द्रवातली हवा काढतात, भांडं झाकून ठेवतात आणि वाट पाहतात. वाट पाहण्यात त्यांचा हात धरणारा कॉलेजात कुणी नाही. प्राचार्य चिडले तरी सर मला हळूच सांगतात, "आता काही बोलू नको. बुडबुडे आहेत त्यायच्यात."

अशा माणसाच्या मुलीनं, प्रज्ञानं, भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि बेसा भागात सोडा पब उघडला. लिंबू, जिरा, संत्रा, सगळं फसफसणारं. त्या दिवशी सर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. भिंतीपलीकडे मला ऐकू आलं. "मी जन्मभर पाण्यातली हवा काढून राहिलो, अन् तू भरून विकशील?" प्रज्ञा दुकानाजवळ खोली घेऊन राहू लागली. तिची आई, म्हणजे आमच्या काकू, तिला भेटून येतात. सर जात नाहीत, पण काकू परतल्या की फाटकातच विचारतात, "जेवते ना वं ती बराबर?"

"तुम्ही काहून जात नाही, सर?" मी एकदा विचारलं.

"जोरात बोललो ना गा. तिच्यापर्यंत काय पोचलं, काय माहीत. बुडबुडे बसू दे."

दोन उन्हाळे गेले. मला त्यांचा रागही यायचा आणि दयाही.

परवा ते मला त्यांच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. संत्र्याचा रस हवा काढून ठेवला होता, मध्येच परीक्षेचं काम निघालं आणि भांडं तसंच राहिलं. झाकण काढलं तर आंबूस वास. वाट पाहता पाहता रस आंबला होता आणि त्यात नवेच बुडबुडे येत होते. सरांनी भांड्यात वाकून पाहिलं.

"जास्तच वाट पाहिली का गा मी?"

"हो," मी म्हणालो. मी रसाबद्दल बोलत नव्हतो, आणि तेही नव्हते.

"गाडी काढ मंग. बेसाले जाऊ."

दुकानात गर्दी नव्हती. प्रज्ञानं वडिलांना पाहिलं आणि फडकं तिच्या हातातच राहिलं. मग तिनं मागच्या फळीवरून झाकण ठेवलेला एक स्टीलचा गिलास काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"दुकान उघडलं का पहिले तुमच्यासाठी एक काढून ठेवते, बाबा. बसले त्यातले बुडबुडे."

म्हणजे रोज. इकडे हा माणूस वाट पाहत बसला होता आणि तिकडे ती.

सरांनी गिलास उचलला, आत पाहिलं आणि बाजूला ठेवला.

"हा राहू दे, माय. मले ताजा दे." इतकं हळू म्हणाले, की मला जेमतेम ऐकू आलं. प्रज्ञाला बरोबर ऐकू आलं होतं.

तिनं फसफसता गिलास भरला. सरांनी क्षणभरही न थांबता तो तोंडाला लावला आणि त्यांना जोरदार ठसका लागला. ती काउंटरमागून धावत आली आणि त्यांची पाठ चोळत राहिली. ठसका थांबला तरी चोळतच होती, आणि सरही तसेच उभे राहिले.

तो कोमट गिलास मी पिऊन टाकला. मला सवय आहे.