थोरलीची डबी, धाकटीचा गॅस

तीनशे दहा डब्या बसवून झाल्या होत्या. दोनच राहिल्या होत्या, आणि त्या दोन बसल्या की आकडेमास्तरांना खुर्ची मिळणार होती.

खुर्ची काही सोन्याची नव्हती. गॅस कंपनीच्या ऑफिसातली, चाकांची, खिडकीजवळची, एक हात जरा डुगडुगणारी. पण सव्वीस वर्षं लोकांचे जिने चढून, त्यांच्या ओट्याखाली डोकं घालून मीटर वाचणाऱ्या माणसाला विचारा, खुर्ची म्हणजे काय ते! मास्तर शाळेतले नव्हेत. मीटरवरचा आकडा ते पाढे म्हटल्यासारखा खणखणीत ओरडून वाचत, म्हणून सगळे त्यांना आकडेमास्तर म्हणत. आवाज अजून खणखणीत होता. गुडघे मात्र पार गेले होते.

आता कंपनीने नवी सोय काढली होती. प्रत्येक मीटरला साबणाच्या वडीएवढी एक डबी लावायची. ट्रान्समीटर हे तिचं खरं नाव, पण एवढं लांबलचक कोण म्हणतंय! ती डबी मीटरचा आकडा आपोआप, बिनतारी ऑफिसात धाडणार आणि रोज सकाळी ग्राहकाच्या फोनवर आदल्या दिवसाचा हिशेब येणार, गॅस कधी आणि किती वेळा पेटला ते. कोणी जिने चढायला नको. ऑफिसातल्या मॅडमनी मास्तरांना स्पष्ट सांगितलं होतं, "महिनाअखेरपर्यंत तुमच्या यादीतल्या सगळ्या डब्या बिनचूक चालल्या, तर तक्रारींच्या टेबलाची खुर्ची तुमची. घोळ झाला, तर मग माझ्याकडे बघू नका."

राहिलेल्या दोन डब्या होत्या चौथ्या मजल्यावरच्या, समोरासमोरच्या दोन दारांच्या. एका दारात थोरली राहायची, दुसऱ्या दारात धाकटी. सख्ख्या जावा. दोघींचे नवरे गेलेले, मुलं आपापल्या संसारात लांब. दोघी सत्तरी ओलांडलेल्या, आणि अकरा वर्षं एकमेकींशी एक अक्षरही बोललेल्या नाहीत.

कारण विचाराल तर दूध. दोघींचा स्वयंपाक एकत्र होता तेव्हाची गोष्ट. दूध उतू गेलं. थोरली म्हणाली, "मी हिला लक्ष ठेव म्हटलं होतं." धाकटी म्हणाली, "मला काही म्हटलं नव्हतं." झालं! चुली वेगळ्या झाल्या. तेव्हापासून दोघींमधली टपालसेवा आकडेमास्तर चालवत. महिन्यातून एकदा यायचं, एकीकडे चहा घ्यायचा, दुसरीकडे बिस्किट खायचं आणि निरोप पोहोचवायचे. "तिला सांगा, जिन्यातला दिवा गेलाय." "तिला सांगा, मला दिसतंय." निरोप असे तुसडे, पण त्यांची वाट मात्र दोघी आठवडाभर आधीपासून बघत. हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी ती दोन दारं शेवटी ठेवली होती.

सोमवारी सकाळी ते दोन्ही डब्या आणि दोन फॉर्म घेऊन चढले. आधी थोरलीकडे.

"थोरल्या काकू, ही लावली की मला दर महिन्याला यायला नको."

थोरलीच्या हातातला चहाचा कप जागीच थांबला. "यायला नको म्हणजे? मग येणार कोण?"

"कोणीच नाही. ही डबीच सगळं सांगणार."

"ही काय सांगणार, कपाळ! हिला बोलता तरी येतं का?" थोरलीने डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "आणि समोरचीला कोणती काढलीय?"

मास्तरांनी दुसरी डबी दाखवली. दोन्ही अगदी सारख्या. फक्त मागे चिकटवलेला नंबर वेगळा.

"तिची चकचकीत दिसतेय. मला ती द्या."

आता डबी कुठलीही लावली तरी चालते, फक्त तिचा नंबर त्या त्या घराच्या फॉर्मवर लिहायला हवा. मास्तरांनी निमूटपणे फॉर्मवरचा नंबर बदलला आणि समोरचं दार वाजवलं.

धाकटीने दार उघडताच विचारलं, "तिने कोणती घेतली?"

"दोन्ही सारख्याच आहेत हो, धाकट्या काकू."

"सारख्या असत्या तर तिने निवडून घेतली नसती. तिने टाकलेली मी घेणार नाही. घेऊन या ती इकडे."

मास्तर परत समोर. थोरली म्हणाली, "तिला हवी आहे ना? मग नक्की तीच चांगली असणार. मी नाही देत." मास्तर परत इकडे. मग पुन्हा तिकडे. मग थोरलीला एकदम उदार व्हावंसं वाटलं. "देऊन टाका तिला, माझं मन मोठं आहे," असं ती म्हणाली. मास्तरांनी हा निरोप जसाच्या तसा पोहोचवला, ही त्यांची चूक. "तिचे उपकार नकोत मला!" म्हणून धाकटीने डबी परत पाठवली. फॉर्मवर इतकी खाडाखोड झाली की मास्तरांनी शेवटी दोन नवे फॉर्म काढले, आणि धापा टाकत, एका पायावर जोर देत, दोन्ही डब्या एकदाच्या बसवल्या. दोन्हींवर हिरवा दिवा लुकलुकला. मास्तरांना त्या दिव्यात खुर्चीच दिसली.

निघताना थोरली म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही येणार नाही."

"वाटेत दिसलो तर हाक मारा, काकू."

"चौथ्या मजल्यावरून?" एवढंच बोलून तिने दार लावून घेतलं. मास्तरांना वाईट वाटलं, पण दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत गुडघ्यांनी ते विसरायला लावलं.

गुरुवारी सकाळी मॅडमनी त्यांना बोलावून खुर्ची दाखवली. "बसून तर बघा. उद्या महिना संपतोय, यादी सगळी हिरवी आहे."

मास्तर टेकतात न टेकतात तोच टेबलावरचा फोन वाजला. तक्रारींचाच फोन तो. मास्तरांनी उचलून खणखणीत "हॅलो" म्हटलं. पलीकडे थोरली होती.

"मास्तर, तुमची डबी खोटारडी आहे! काल म्हणते, गॅस शून्य. आज म्हणते, गॅस शून्य. मग मी पाच वाजता उठून चहा करते तो काय उन्हावर?"

"बघतो काकू, जरा हळू बोला," मास्तर मॅडमकडे बघून कसनुसं हसले आणि फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला.

या वेळी धाकटी होती, आणि तिचा आवाज घाबरलेला होता. "मास्तर, माझ्या घरात कोणीतरी येऊन चहा करून जातंय!"

"काय?"

"फोनवर आलंय ना! काल गॅस चार वेळा पेटला, पहिल्यांदा पाच वाजून दहा मिनिटांनी. परवासुद्धा तसंच. आणि मी तर दोन दिवस शेगडीला हात लावलेला नाही."

"का नाही लावला?"

"सहज," धाकटी म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.

 एकीकडे शून्य, एकीकडे चार वेळा. थोरली पाचला उठते. म्हणजे थोरलीची डबी धाकटीच्या नावावर आणि धाकटीची थोरलीच्या! त्या येरझाऱ्यांत शेवटची अदलाबदल नव्या फॉर्मवर चढलीच नव्हती. मॅडम समोर बसून शांतपणे पेन्सिलीला टोक काढत होत्या.

"काही विशेष?" त्यांनी विचारलं.

"छे, छे. जरा पाय मोकळे करून येतो," मास्तर म्हणाले. उद्याच्या आत, कोणाला न कळता, डब्या जागच्या जागी लावायच्या आणि परत यायचं, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता.

चार मजले चढून त्यांनी थोरलीला सगळं समजावून सांगितलं. "तुमची डबी खोटारडी नाही, काकू. फक्त ती तुमची नाही. तुम्हाला येतोय तो समोरच्यांचा आकडा. पाच मिनिटांचं काम आहे."

थोरली मात्र ऐकत नव्हती. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"म्हणजे ते शून्य तिचं?"

"हो."

"दोन दिवस? दुधाशिवाय जिला उजाडत नाही, तिचं दोन दिवस शून्य?"

मास्तरांना हे सुचलंच नव्हतं. ते खुर्चीच्या नादात होते. ते काही बोलायच्या आत थोरलीने दारामागच्या खिळ्यावरची एक किल्ली काढली. तिच्यावर धूळ नव्हती.

"ही कसली किल्ली?"

"तिच्या दाराची. फेकायची राहून गेली," असं म्हणत थोरली अनवाणीच समोरच्या दाराशी पोहोचलीसुद्धा.

दार उघडलं. आतून धाकटीचा बारीक आवाज आला, "कोण आहे? चहावाला चोर का?"

"मी नाही," थोरली म्हणाली.

धाकटी पलंगावर आडवी पडली होती. उशाशी पावाचा अर्धा पुडा, बिस्किटांचा चुरा, पाण्याची बाटली. मंगळवारी सकाळी ती आपल्या डबीचा दिवा समोरच्या डबीइतका हिरवा आहे का, ते बघायला ओट्याखाली वाकली होती. वाकली ती वाकलीच. कंबर अशी धरली, की भिंतीला धरून कशीबशी पलंगापर्यंत आली आणि तिथेच राहिली.

"हिला विचारा, डॉक्टरला फोन का नाही केला," थोरली मास्तरांना म्हणाली. आवाज चढलेला होता, पण डोळ्यांत पाणी होतं.

"हिला सांगा, डॉक्टरबाईंना दाखवलं. फोनवरून दाखवलं. आठवडाभर झोपून राहा म्हणाल्या."

"हिला विचारा, मग मला हाक का नाही मारली? दार काय कोसावर आहे?"

मास्तरांनी एकीकडून दुसरीकडे बघितलं. दोघींमध्ये दोन हातांचं अंतर होतं. "तुम्ही ऐकलंत ना?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"ऐकलं. पण तुम्ही सांगा. रीतसर."

मास्तरांनी रीतसर सांगितलं. धाकटी छताकडे बघत म्हणाली, "हिला सांगा, हाक मारली असती आणि ही आली नसती, तर मग मी काय केलं असतं?"

या वेळी रीतसर निरोपाची वाट न बघता थोरली पदराने नाक पुसत स्वयंपाकघरात गेली आणि दोन दिवसांनी त्या शेगडीवर गॅस पेटला. तिने दूध ठेवलं. "मास्तर, लक्ष ठेवा. मी हिला गरम पाण्याची पिशवी देते."

मास्तर दुधासमोर उभे राहिले. पण नजर जात होती ओट्याखालच्या डबीकडे. चार स्क्रू. आत्ताच काढली तर? ते हळूच वाकले. दोन स्क्रू निघाले, तिसरा जरा घट्ट होता, आणि तेवढ्यात वर फस्स झालं.

"दूध!" दोघी एकदम ओरडल्या. "एवढंसं लक्ष ठेवता येत नाही?"

अकरा वर्षांत दोघींनी एकत्र उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. ते आपलंच दोघींना ऐकू आलं. मग धाकटीला हसू फुटलं. हसलं की कंबर दुखायची, म्हणून ती हसता हसता "आई गं, आई गं" करायला लागली. थोरली तिला "हसू नकोस, गप पड," म्हणत स्वतःच पलंगाच्या कडेवर बसून हसत होती. मास्तर ओल्या पायजम्यानिशी फडकं शोधत राहिले.

चहा झाल्यावर त्यांनी पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"खबरदार हात लावाल तर!" थोरली म्हणाली. "ती जागेवर गेली की मला माझाच आकडा येणार. मी चहा केला, हे मला फोनने कशाला सांगायला हवं? हिचा गॅस पेटला की नाही, ते मला कळायला हवं."

"आणि ही पाचला उठते की लोळत पडते, ते मला," धाकटी पलंगावरून म्हणाली.

"अहो पण काकू, माझी खुर्ची! हिचं बिल तिला आणि तिचं हिला, असं चालेल का? घोळ उघडकीला आला की मी परत जिन्यावर."

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. एवढ्या वर्षांत त्यांचं हे पहिलंच मोठं संकट, तेही दोघींचं मिळून. शेवटी धाकटीने विचारलं, "आकडा फोनवर येतो, तो कशावरून?"

"फॉर्मवर जो फोन नंबर असतो, त्यावर."

"मग डब्यांचे नंबर नीट लिहा. आणि फोन नंबर चुकीचे लिहा."

मास्तरांनी तोंडात बोट घातलं. ऑफिसात परतल्यावर त्यांनी दोन दुरुस्त फॉर्म मॅडमपुढे ठेवले आणि सगळं खरं सांगून टाकलं, अगदी उतू गेलेल्या दुधासकट. मॅडमनी फॉर्मखालच्या दोन सह्या बघितल्या. दोन्ही जावांनी लेखी मागणी केली होती, की आमचा रोजचा हिशेब समोरच्या फोनवर पाठवावा.

"चूक तुमचीच ना?" मॅडमनी विचारलं.

"माझीच."

"आणि तक्रार आल्यावर दुखऱ्या गुडघ्यांनी चार मजले चढलात." मॅडमनी फॉर्मवर शिक्का मारला. "तक्रारींच्या टेबलावर आणखी कसा माणूस हवा असतो? बसा."

मास्तर बसले. डुगडुगणारा हात त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः घट्ट केला. पंधरा दिवस बरे गेले. मग एका सकाळी फोन वाजला.

"मास्तर, मी थोरली बोलतेय. समोरचीला सांगा, काल चक्क सहा वेळा गॅस पेटवलान. कंबर नुकती बरी झालीय आणि सारखं ओट्याशी उभं राहायचं म्हणजे काय?"

"काकू, आता तुम्हीच सांगा ना! दार समोरच आहे."

"मी? मी का सांगू? मी बोलत नाही तिच्याशी."

तेवढ्यात फोनमध्ये मागून दुसरा आवाज आला. "अगं ठेव तो फोन आता! चहा गार होतोय."