पोटाशी पिशवी, उशाशी कांदा

या महिन्यात मिनल कोणावरही खेकसणार नव्हती. पाळी जवळ आली की तिचं ओटीपोट दुखायचं, डोकं ठणकायचं आणि मग समोर येईल त्याची खैर नसायची. पण आता तिनं स्वतःची नीट काळजी घ्यायचं ठरवलं होतं. चहा बंद, मीठ कमी, सकाळी बेसा रोडवर फेरी आणि दुपारी शेकायची पिशवी पोटाशी धरून निवांत झोप. नवऱ्यानं हे पाहायला हवं होतं. पण धर्मेंद्रला हिंगण्याच्या कारखान्यात नेमका याच दिवसांत ओव्हरटाइम यायचा. दर महिन्याला. बिचारा!

दुपारी सासूबाई, कौसल्याबाई, भजनाला गेल्या. मिनलनं कुलर लावला, पिशवीत कढत पाणी भरलं आणि आडवी झाली. इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

तेवढ्यात सासरे चंपतराव कुलरमध्ये पाणी भरायला आले. मे महिना, कुलर जोरात, तरी सून घामानं निथळतेय! सकाळी चहा नको म्हणाली, वरणात मीठ नव्हतं. जन्म उन्हात काढलेल्या माणसाला ऊन लागल्याचा आणखी काय पुरावा हवा?

"मिनल, तुले लू लागली वं पोरी."

"नाही हो मामाजी. झोपून राहिली फक्त."

"लू लागलेला माणूस असंच म्हणते."

आता सासऱ्यांना खरं कसं सांगायचं? तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली. मे महिन्यात चादर! चंपतरावांची खात्रीच पटली.

त्यांनी कांदा फोडून तिच्या उशाशी ठेवला. पन्ह्याचा गडवा आला. शेजारचे कृष्णकांतकाका ओला पंचा घेऊन धावले. येताना त्यांनी धंतोलीला दवाखान्यात न्यायला ऑटोही बोलावून ठेवला होता. तो खाली हॉर्न वाजवत होता आणि हे दोघं दारात कोणत्या दवाखान्यात न्यायचं यावर भांडत होते. मिनलच्या डोक्यात सणक गेली. तिनं ती गिळली.

"मामाजी, मले लू नाही लागली. पाळी येणार आहे. पोट शेकून राहिली मी. मले झोपू द्या."

कृष्णकांतकाकांना एकाएकी खालच्या ऑटोची आठवण झाली. चंपतराव मात्र हातातला पेला सावरत खुर्चीत टेकले.

"मंग पहिलेच काहून नाही सांगतलं? तुह्या सासूचंही असंच होतं. ती चिडली का मी वावरात काम निघालं म्हणत होतो. काम कायचं? दोन दिवस आंब्याखाली निजत होतो."

"काहो," दारातून आवाज आला. कौसल्याबाई भजनाहून परतल्या होत्या. "म्हंजे वावरात काम नव्हतं?"

चंपतरावांनी सुनेसाठी भरलेला पेला बायकोपुढे धरला. बायकोनं तो घेतला नाही.

मिनलला हसू फुटलं. हसता हसता पोटातली कळही सैल झाली. फार बरं वाटलं तिला. आणि मग तिला एकदम धर्मेंद्र आठवला. नेमके हेच दिवस. दर महिन्याला. ओव्हरटाइम.

या महिन्यात कोणावरही खेकसायचं नाही, हे ठरलेलं होतं. तिनं शांतपणे पन्हं पिऊन टाकलं आणि फोन उचलला.