धकातेकाकांचा तिसरा नियम

आमचे शेजारी धकातेकाका सरकारी फायलींवर प्रयोग करतात. हसू नका, चक्क वही ठेवली आहे त्याची. बापजाद्यांचा हातमाग उमरेडला बंद पडला, पण काकांचं धोट्याचं वेड गेलं नाही. "फाइल म्हंजे धोटा हाय गा. इकडून तिकडे पळते, कापड काही निघत नाही!"

हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये नळ नव्हता, टँकर यायचा. नळाच्या अर्जाची फाइल कोणी उघडतं का, हे पाहायला काकांनी तिच्या नाडीला गुपचूप विणकरी गाठ मारली. सहा महिन्यांनी पालिकेच्या ऑफिसात जाऊन पाहिलं तर गाठ जशीच्या तशी! वहीत पहिला नियम उतरला: टेबलावर ठेवलेली फाइल टेबलाचाच भाग होते. दुसरा: साहेब आणि खुर्ची एका वेळी एका जागी सापडत नाहीत.

"काका, काहून एवढी धडपड? टँकर तर येऊन राहिला ना?" मी म्हटलं.

"सायन्ससाठी गा," म्हणाले आणि वहीत डोकं घातलं.

तिसरा नियम मात्र बॉम्ब निघाला. काकांनी सरळ निमंत्रणपत्रिकाच छापून वाटल्या: पंधरा दिवसांनी नळाचं उद्घाटन, नगरसेवकांच्या शुभहस्ते! नगरसेवकाला वाटलं ऑफिसनं ठरवलं. ऑफिसला वाटलं नगरसेवकानं. आपल्याला माहीत नाही हे कबूल कोण करणार, सांगा! काकांनी जाऊन पाहिलं, गाठ तुटलेली. मग खड्डे, पाइप, नळ, मंडप, सगळं वेळेत हजर.

"लिहून घे गा! काम झालं म्हणून उद्घाटन होत नाही, उद्घाटन हाय म्हणून काम होते!" मी तर काकांना खांद्यावरच घ्यायला निघालो होतो.

फीत कापली, टाळ्या झाल्या, पेढे संपले. काका दिसेनात म्हणून घरात डोकावलो. काकू खुर्चीत बसल्या होत्या. टँकरचा पाइप थांबता थांबायचा नाही, त्याच्या चिखलात घसरून त्यांचा खुबा मोडला, तेव्हापासून उंबऱ्याबाहेर आल्याच नव्हत्या. आम्ही सगळे त्यांना विसरलो होतो. खरं सांगतो, लाज वाटली.

"एक बाजू धर गा," काका म्हणाले.

खुर्चीसकट काकूंना नळापाशी आणलं. त्यांनी तोटी फिरवली. पाणी आलं. बंद केली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद.

"अहो, हे तर मी म्हणन तवा थांबते!"

काकांनी तोंड फिरवून डोळे पुसले. "मंग? तुह्यासाठीच तं केलं वं."