नबवीयाचे टोमॅटो आणि वाळवंटातलं रक्त

त्या दिवशी मी गल्लाबियावर, म्हणजे आमच्या पायघोळ झग्यावर, कोट चढवला नसता, तर पुढचं काहीही घडलं नसतं. कोट तसा माझ्या लग्नातला. एका मयताला जाऊन आलो होतो आणि तो उतरवायचा कंटाळा केला, एवढाच माझा गुन्हा. (गुन्हे पुढे वाढत गेले.) तसाच बायकोची भाकरी टोपलीत घेऊन वाळवणाकडे निघालो.

इजिप्तमधल्या आमच्या इस्ना गावाच्या पश्चिमेला शेतं संपतात आणि वाळू सुरू होते, तिथं हिवाळाभर बायका टोमॅटो चिरतात, मीठ मारतात आणि ताडपत्र्यांवर उन्हात वाळवतात. माझी बायको नबवीया कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या ताडपत्र्यांवर राबली. यंदा पहिल्यांदाच वाळवण तिचं स्वतःचं होतं. गावातल्या अकरा जणी तिच्या शब्दावर जुनं काम सोडून आल्या होत्या. अलेक्झांड्रियाचे व्यापारी हाज मुतवल्ली, त्यानं माल उचलायचं कबूल केलं होतं, तो पुढे इटलीला धाडतो. या सगळ्यात माझं काम एकच, भाकरी पोचवणं. तेवढंही मला धड जमलं नाही.

वळणावरच्या चहावाल्याकडे कॅमेरावाले बसले होते. त्यांच्यातला हुसाम नावाचा कैरोचा तरुण माझा कोट पाहून उठूनच उभा राहिला.

"साहेब, आपण सरकारी अधिकारी?"

"पाटबंधारे खात्यात असतो," मी म्हणालो. खोटं काही नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी कोणाची, हे मी लिहितो. पण ते त्यानं विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायचा माझा स्वभाव नाही. (नबवीयाचं मत वेगळं आहे.)

कॅमेरा चालू करून त्यानं माझ्यापुढे एक फोटो धरला. उपग्रहातून काढलेला. पिवळी वाळू आणि तिच्यावर लालभडक चौकोन, ओळीनं मांडलेले.

"हे काय आहे, साहेब?"

मी चष्मा शोधला. खिसे चाचपताना मागे वळून पाहिलं, कारण चहावाल्याचं गाढव माझ्या टोपलीकडे सरकत होतं. मग चष्मा लावला आणि म्हणालो, "हे होय! हे टोमॅटो. आमच्या बायका वाळवत घालतात. बाकी अल्लालाच ठाऊक."

आता हे शेवटचं वाक्य आमच्याकडे सगळेच म्हणतात. माणसानं छातीठोक बोलू नये, थोडी जागा वरच्यासाठी ठेवावी. माझ्या वडिलांना कोणी नाव विचारलं, तरी ते नाव सांगून पुढे "बाकी अल्लालाच ठाऊक" म्हणायचे.

टीव्हीवर कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी मी बसबूसाचं, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांचं, अख्खं ताट आणलं. अकरा जणी आमच्या बैठकीत, नबवीया मध्ये, आणि मी कोट घालून दाराशी. आधी काळोख, मग ढोल, मग खर्जातला आवाज. 'वाळवंटातलं रक्त!' तेच लाल चौकोन पुन्हापुन्हा मोठे होत आमच्या अंगावर आले. ही बळी द्यायची जागा आहे की कोणाला तरी आकाशातून दिलेली खूण, असं आवाज विचारत होता. मग मी दिसलो. खाली लिहिलं होतं, 'ज्येष्ठ जलतज्ज्ञ'. मी फोटो पाहिला. घाबरून खिसे चाचपले. भेदरून मागे वळून पाहिलं. (गाढव दाखवलंच नाही.) आणि जड आवाजात म्हणालो, "अल्लालाच ठाऊक."

"इथले तज्ज्ञसुद्धा तोंड उघडायला कचरतात," आवाज म्हणाला.

दौलत नावाची आमची शेजारीण तोंडात बसबूसा धरून बसली होती, तिनं तो गिळला.

"अबू उमरान," ती मला म्हणाली (उमरान आमचा मुलगा, म्हणून मी अबू आणि नबवीया उम्म), "तुम्ही तर लहान तोंडी मोठा घास घेतलात की हो!"

"मी टोमॅटो म्हणालो होतो! त्यांनी कापलं!"

"तुम्ही टोपली घेऊन सरळ यायचं होतं," नबवीया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हाज मुतवल्लीचा नबवीयाला फोन आला. "उम्म उमरान, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण इटलीवाल्यांनी तो कार्यक्रम पाहिला. विचारतायत, त्या मातीत आहे तरी काय? थोडं थांबू या."

थोडं थांबू या! टोमॅटो कोणासाठी थांबत नाही. वेळेत उचलला नाही, तर लालाचा तपकिरी होतो, तपकिरीचा काळा, आणि वाळूचं वारं सुटलं की खेळ खलास. रोज संध्याकाळी नबवीया ताडपत्र्यांच्या कडेनं चालायची, एखादी फोड उचलून वाकवून बघायची आणि परत ठेवायची. ती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर माझ्या घशाखाली घास तरी उतरला असता. तिच्या शब्दावर आलेल्या बायका तिला काही विचारत नव्हत्या, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. एकदा चुलीपाशी पाठमोरी बसून म्हणाली, "दुसऱ्याची ताडपत्री होती ना, तेव्हा बुडालं तर मालकाचं बुडायचं. मी कशाला नसती हौस केली?" मला त्या क्षणी तो कोट जाळावासा वाटला.

त्यातच कळलं, की हुसाम त्याच विषयावर दुसरा कार्यक्रम करणार आहे. दुपारी, थेट, आणि लोकांनी फोन करायचा. मी ठरवलं, आपण बिघडवलं, आपणच निस्तरायचं. (हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मला वाटलं, पहिल्यांदा हात चुकून दिसला, आता नीट दाखवू.) फोन घेऊन वाळवणावरच गेलो, म्हणजे बायकांसमोर बोलता येईल. हुसामनं आवाज ओळखला.

"प्रेक्षकहो, स्वतः जलतज्ज्ञ! साहेब, आता तरी सांगा."

"टोमॅटो!" मी ओरडलो आणि पुढचं 'बाकी अल्लालाच ठाऊक' दातांखाली धरलं.

"रात्री तिथं कोण असतं?"

"कोणी नसतं. लांबवर कुत्री असतात."

"कुत्री आत शिरतात?"

"छे! मीठ असतं ना. माशीसुद्धा फिरकत नाही."

"म्हणजे एकही जीव तिथं जात नाही?"

"बायका जातात की."

"आणि पुरुष?"

"पुरुषांना नबवीया पाऊल टाकू देत नाही." (पुरुषांना म्हणजे मला. मी एकदा चपलांसकट ताडपत्रीवरून गेलो होतो.)

हुसामचा आवाज एकदम खाली आला. "ही नबवीया कोण?"

आता बायकोचं कौतुक करायची संधी कोण सोडेल? "तिच्या शब्दाबाहेर इथं कोणी नाही!" मी म्हणालो. "अकरा जणी तिच्यापुढे सुऱ्या घेऊन बसतात!"

पलीकडे ढोल वाजायला लागला. दौलतनं कपाळावर हात मारला. "अल्ला रे! हा माणूस आपल्याला तुरुंगात घालणार!"

नबवीया उठली, मिठाचे हात पुसले आणि माझ्या कानावरून फोन काढून घेतला.

"बाळा, मी नबवीया."

ढोल थांबला.

"काल जेवलास काय?"

"मी? मी... पिझ्झा खाल्ला."

"त्याच्यावर लाल, सुरकुतलेलं, खारट-आंबट काही होतं?"

"होतं."

"ते रक्त माझंच. पचलं का नीट?"

तिकडे कोणीतरी फिस्सकन हसलं. नबवीया हसली नाही.

"आता ऐक. इथं अकरा बायका आहेत. मिठानं बोटं फाटतात आमची. सुरी लागते. तुला वरून रक्त दिसलं ना? थोडं असेलही. पण ते आमचं आहे, आणि त्यात गूढ काही नाही. तू वळणापर्यंत आलास, चहा प्यायलास, कोट बघितलास आणि माघारी गेलास. आणखी चार पावलं आला असतास, तर आम्हीच दिसलो असतो. आमचा माल पडून आहे, बाळा. पोरं घेऊन या बायका माझ्या भरवशावर आल्यात. आता ये. दिवसा ये. आणि ताडपत्रीजवळ चपला काढून ये."

थेट कार्यक्रम होता, त्यातलं काहीच कापता येत नव्हतं. शेवटी हुसाम म्हणाला, "येतो, मावशी," आणि त्याच्या आवाजातला खर्ज कुठल्या कुठे गेला होता.

तो आला, अनवाणी. उन्हात फुगवलेली आमची शमसी भाकरी आणि टोमॅटो खाऊन गेला, आणि त्यानं बायकांचे हात दाखवले, ढोलाशिवाय. इटलीवाल्यांनी तेही पाहिलं. तोवर कडेच्या ताडपत्र्यांवरचा माल काळा पडला होता, तो आम्ही अजून घरी खातोय. बाकीचा न्यायला हाज मुतवल्लीनं ट्रक धाडला. ट्रक दिसला तेव्हा नबवीया ओढणीचं टोक डोळ्यांना लावून बराच वेळ उभी होती, आणि दौलत सगळ्यांना सांगत होती की वाळू गेली असेल डोळ्यात. वारा अजिबात नव्हता.

हाजनं फक्त एक अट घातली. हंगाम संपेपर्यंत मालाबद्दल मी कोणाशीही चकार शब्द बोलायचा नाही. अट पुरती सांगून व्हायच्या आतच नबवीयानं ती मान्य केली.

लिहिण्याबद्दल मात्र हाज काही म्हणाला नव्हता. म्हणून मी हे सगळं लिहून काढलं आणि चिरणी चालू असताना तिला वाचून दाखवलं. तिनं सुरी न थांबवता शेवटपर्यंत ऐकलं. काही चुकलंय का, असं मी विचारलं.

"छान आहे हो," ती म्हणाली. "फक्त तुम्ही बोलता तेवढं कापा."