लिटरमागे बावीस

गाडी चालवतात सगळेच, पण चालवावी कशी हे कळतं ते मला एकट्यालाच, असं माझं प्रामाणिक मत होतं. पायाखाली अंडं असल्यासारखा अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. ब्रेक अगदी गळ्याशी आल्याशिवाय लावायचा नाही. एसी बंद, आणि वाऱ्याचा अडथळा नको म्हणून काचाही बंद! एवढं करून लिटरमागे अठरा किलोमीटर मिळत होते. मला बावीस हवे होते.

ते गाठायचे ठरवले, नेमकी त्याच दिवशी बायकोची मुलाखत होती. सोळा वर्षं शिकवल्यावर मुख्याध्यापिका व्हायची संधी पहिल्यांदाच आली होती, आणि दहाच्या ठोक्याला पोचायचं होतं. ती रिक्षाने जाते म्हणाली. घरची गाडी, घरचा ड्रायव्हर असताना रिक्षा कशाला, असं मी म्हटलं आणि तिथेच माशी शिंकली.

काटा मी चाळीसवरून हलू दिला नाही. तिच्या कपड्यांची इस्त्री घामाने केव्हाच गेली. रस्ता अरुंद, त्यामुळे मागे पंचवीसएक गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजवून थकल्यावर सगळ्यांनी दिवे लावले. चौकातल्या पोलिसाला ती संथ, दिवे लावलेली रांग म्हणजे कुणाची तरी अंत्ययात्रा वाटली. त्याने बाकीची वाहतूक अडवली आणि टोपी काढून उभा राहिला. मीही गंभीर चेहऱ्याने मान लववली. काय करणार, एक ब्रेक वाचत होता!

बायको चकार शब्द बोलली नाही. फक्त दर मिनिटाला घड्याळ बघत होती. ते पाहून वेग वाढवावा असं मला वाटलं, पण तोवर शाळेचं फाटक आलं होतं. दहा वाजून सात मिनिटं झाली होती. सोळा वर्षांवर मी पाणी फिरवलं होतं.

पण संस्थेचे अध्यक्ष तिच्याही नंतर, धुसफुसत आले. तेही त्याच रांगेत अडकले होते, बरेच मागे, त्यामुळे पुढचा मूर्ख त्यांना दिसला नव्हता. राग डोक्यात होताच. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, एखाद्या हटवादी माणसाबरोबर काम करायची वेळ आली तर काय कराल?

"भांडत नाही," बायको म्हणाली. "आधी काम पार पाडते. मग बोलते."

तिची निवड झाली. अध्यक्षांना म्हणे असं उत्तर कुणीच दिलं नव्हतं. मी आनंदाने दार उघडून धरलं. ती बसली, शांतपणे बेल्ट लावला.

"काम पार पडलं," ती म्हणाली. "आता बोलते."

घर चौदा किलोमीटर लांब होतं. वाचकहो, काटा मी ऐंशीच्या खाली येऊ दिला नाही.