वॉलेसरावांच्या चोवीस मुसुबी

"मुसुबीत असतं काय? भाताची वडी, वर डब्यातल्या मांसाचा काप आणि भोवती वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पट्टी," हे वाक्य वॉलेस हिगा चाळीस वर्षं बायकोला ऐकवत आले होते. शेवटी तेच वाक्य त्यांच्या गळ्यात पडलं. लोरीन बहिणींबरोबर चार दिवस लास व्हेगासला निघाली आणि नेमकं त्याच शनिवारी नातीच्या होडीशर्यतीला, तिच्या संघातल्या पोरींसाठी चोवीस मुसुबी पोचवायची पाळी हिगांच्या घरावर आली.

"दुकानातून न्या," लोरीनने दारातून बजावलं. "आणि गाडीत पेट्रोल भरा. त्या काट्यावर जाऊ नका, तो बिघडलाय."

"दुकानातून कशाला? मी करतो की."

"बरं," म्हणून ती हसली. ते हसू वॉलेसरावांना झोंबलं. काही झालं तरी तिला फोन करायचा नाही, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

शनिवारी पहाटे भातापासूनच रडकथा सुरू झाली. लोरीन तांदळावर बोट टेकवून पहिल्या पेरापर्यंत पाणी घालते, एवढं त्यांनी पाहिलं होतं. पण ते पेर लोरीनबरोबर लास व्हेगासला गेलेलं. तीस वर्षं होनोलुलूत सिटी बस चालवलेल्या वॉलेसरावांच्या दांडग्या पेराने भाताची पेज झाली. दुसऱ्यांदा अर्धं पेर धरलं, तर शितं छर्र्यांसारखी टणटणीत. तिसरा भात जमला तेव्हा साडेसात वाजले होते. शर्यत दहाला.

मग कळलं की वड्या दाबायचा साचा मेहुणीकडे आहे.

"डबाच घे की साच्याला," शेजारचे मेडेरोस म्हणाले. त्यांनाही शर्यत बघायची होती, म्हणून ते कॉफीचा कप घेऊन येऊन बसले होते. "माझी आई तेच करायची."

वादळासाठी भरून ठेवलेल्या कपाटातून वॉलेसरावांनी तीन डबे काढले. वरचं चित्र जरा वेगळं वाटलं, पण चष्मा शोधायला वेळ कुणाला होता? चित्रं बदलण्यापलीकडे कंपन्यांना दुसरा उद्योग नाही, असं पुटपुटत त्यांनी काप सोया सॉस आणि साखरेत परतायला टाकले. साखर करपली, धूर झाला, धुराची घंटा बोंबलू लागली. तिला मेडेरोसनी झाडूच्या दांड्याने गप्प केलं. डब्यात दाबलेला भात मात्र बाहेर यायला तयार नव्हता. आपटला तेव्हा आला, पण मांस तळालाच ठेवून.

"माझ्याच्यानं होणार नाही रे," म्हणत वॉलेसराव खुर्चीत बसले. हात भाताने लडबडलेले, कपाळाला शेवाळ चिकटलेलं. त्यांनी फोन उचलला आणि परत ठेवला.

"आई आतून प्लास्टिक लावायची," मेडेरोस म्हणाले.

"हे आत्ता सांगतोयस?"

"तू विचारलंस कुठं?"

नऊ वाजता ट्रेमध्ये चोवीस मुसुबी ओळीने बसल्या. वॉलेसरावांना खरोखर भरून आलं. चाखायला मात्र वेळ नव्हता.

"पालीच्या घाटातून नको," गाडीत बसता बसता मेडेरोस म्हणाले. "डुकराचं मांस आहे जवळ."

ज्वालामुखीची पेले देवी आणि वराहदेव यांचं भांडण फार जुनं. त्या घाटातून डुक्कर नेलं की गाडी बंद पडते आणि ते बाहेर काढेपर्यंत हलत नाही, हे होनोलुलूत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"दुसऱ्या रस्त्याला रांग असते. बस मी चालवलीय, तू नाही."

बोगद्याच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. मेडेरोसनी फक्त ट्रेकडे पाहिलं.

वॉलेसरावांनी चावी फिरवून पाहिली, हात जोडून पाहिले. सव्वादहा झाले. रस्त्याकडेला आठ मजूर गवत कापत होते. शेवटी काळजावर दगड ठेवून त्यांनी ट्रे त्यांच्यापुढे धरला. पाच मिनिटांत तो साफ झाला. गाडी तरीही हलेना.

गाडी ओढून नेणाऱ्याचा नंबर कुठे लिहिलाय, हे फक्त लोरीनला माहीत होतं. झक मारत फोन करावा लागला.

"डुक्कर कुठलं?" सगळं ऐकून ती म्हणाली. "डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांगितल्यापासून कपाटात टर्कीचे डबे आहेत. दोन वर्षं मिटक्या मारत खाताय. पेट्रोल भरलं होतंत का?"

वॉलेसरावांनी काट्याकडे पाहिलं. तो गेल्या महिन्यासारखाच अर्ध्यावर होता.

"पोरी उपाशी राहिल्या गं," ते कसेबसे म्हणाले.

"नाही राहिल्या. निघायच्या आधीच मी दुकानात चोवीस सांगून ठेवल्या होत्या. चाळीस वर्षं संसार केलाय तुमच्याशी."

"पण मी केल्या होत्या, लोरीन. खरंच. छान झाल्या होत्या."

"मग आहेत कुठं?"

रिकाम्या ट्रेत दोन शितं उरली होती. वॉलेसरावांनी केविलवाण्या नजरेने इकडेतिकडे पाहिलं आणि जवळच्या मजुराच्या हातात फोन कोंबला. "बाबा रे, कशा होत्या ते हिला सांग."

मजुराने तोंड पुसलं आणि अदबीने फोन कानाला लावला. "काकू, काकांच्या मुसुबी एक नंबर. खोटं नाही सांगत, अगदी दुकानातल्यासारख्या."

पलीकडून जुगाराच्या यंत्रांची किणकिण ऐकू येत होती. फोन परत वॉलेसरावांकडे आला.

"अहो," लोरीन समजुतीच्या सुरात म्हणाली, "दुकानातून आणल्या तर आणल्या. पण त्यासाठी एवढं नाटक कशाला?"